रामीबाईच्या नावानं

चिंचखेड्यात ख्रिस्ती घरं बावीस. अनसिंगहून आठ किलोमीटर आत, रस्ता अर्धा डांबरी नि अर्धा नावापुरता, आणि गावाच्या टोकाला कडुलिंबाखाली काळ्या दगडाचं चर्च. नव्वद वर्षांपूर्वी कुणा परदेशी साहेबानं बांधून घेतलेलं. साहेब गेला, त्यानं छपरावर घातलेली कवेलू तेवढी मागे राहिली, आणि तीही दर पावसाळ्यात दहा-वीस करून घरंगळत होती. गेल्या वर्षी श्रावणात उत्तरेकडचं छप्पर वाशांसकट खाली आलं. मंगळवार होता म्हणून बरं. रविवार असता तर निम्मी मंडळी प्रार्थना म्हणता म्हणताच देवाघरी गेली असती.

तेव्हापासून अंजनाच्या पायाला भिंगरी लागली. मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात ती तेहतीस वर्षं नर्स होती, आणि निवृत्त झाली तरी सगळा मुलूख तिला सिस्टरबाई म्हणूनच ओळखत होता. रिठदपासून अनसिंगपर्यंत ज्या ज्या घरात तिनं बाळंतपण केलं होतं, त्या त्या घरात ती चर्चसाठी मदत मागायला गेली. कोण नाही म्हणणार? शेजारच्या वावरवाल्या पुंजाजीनं तर मागायच्या आधीच सोयाबीनचं पोतं बैलगाडीत टाकलं. "माह्या तिन्ही पोराइले तुमीच जगात आनलं, सिस्टरबाई," तो म्हणाला. "मंग देवाच्या घराले एक पोतं जड हाय का?"

लोकांना वाटायचं, बाईला रिकामपण खायला उठतं म्हणून फिरते. खरं कारण तिनं फक्त आपल्या मोठ्या भावाला सांगितलं होतं.

नवरा लवकर गेलेला. एकुलती एक पोरगी योगिनी, एकोणीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या तापात गेली. जुलै महिना होता. पावसानं चर्चचं सागवानी दार असं फुगलं होतं, की चार बाप्यांनी खांदे लावले तरी हललं नाही. शेवटी ओट्यावरच, छत्र्या धरून, पाळकसाहेबांनी प्रार्थना उरकली आणि पेटी तशीच दफनभूमीकडं गेली. जिचा बाप्तिस्मा आत झाला, जी आतल्या बाकांखाली रांगली, ती शेवटच्या दिवशी बाहेर राहिली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि दार आपोआप सुटलं, हे तर अंजनाला अजूनच लागलं.

"नवं झाल्यावर ते दार मले माह्या हातानं उघडायचं हाय, दादा," ती म्हणाली होती. "तिच्या नावानं. मंग ती आत आली असं मी समजीन."

दादा म्हणजे शांतवन. निवृत्त मास्तर, चर्चच्या कमिटीचा अध्यक्ष, आणि हंगामाच्या सणाला लिलाव पुकारावा तर त्यानंच. शेणाची गोवरी सोन्याच्या भावानं विकेल अशी जीभ. बहिणीचं ऐकून त्याचेही डोळे भरले होते. मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला वाशीमच्या सराफाकडं तोच तिच्यासोबत गेला. चाळीस हजार आले, ते त्याच्यासमोरच तिनं रुमालात बांधले.

या मंडळीत हंगामाचा सण म्हणजे लिलाव. नोव्हेंबरातल्या शेवटच्या रविवारी, सोयाबीन घरात आलेलं आणि तूर अजून वावरात उभी असताना, ज्यानं त्यानं आपल्या घरचं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवायचं. भोपळे, कोंबड्या, वांग्यांची टोपली, काय असेल ते. मग त्यावर बोली. बोली स्वतःच्या नावानं लावता येते, तशी मेलेल्याच्या नावानंही. 'माह्या बुढ्याच्या नावानं दोनशे' म्हणून लेक कोंबडा घेऊन जातो, आणि त्या दिवशी बुढाही पंगतीला बसल्यासारखं वाटतं. मेलेल्याच्या नावावर कुणी चढती बोली लावत नाही, आणि चर्चमध्ये बोललेली बोली फिरवता येत नाही. एवढे दोनच नियम, बाकी सगळा गोंधळ.

त्या वर्षी भोपळे-कोंबड्या संपल्यावर शेवटी एक मान लिलावात निघाला. दुरुस्तीनंतर दार उघडण्याचा.

चर्चच्या उभ्या राहिलेल्या अर्ध्या भागात माणसं दाटीवाटीनं बसली होती. पडलेल्या भागावर निळी ताडपत्री होती, तिच्याखालचा उजेडही निळा, आणि तिथल्या शेवटच्या बाकावर मोडके वासे रचून ठेवलेले. दारात ऊन होतं नि उन्हात चार-सहा पाहुणे उभे.

"योगिनीच्या नावानं धा हजार," अंजना म्हणाली. आवाज कापला नाही याचं तिला बरं वाटलं.

पाहुणा म्हणून आलेल्या पुंजाजीनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आता शांतवननं तीन वार म्हणायचं आणि संपवायचं, हे शेंबड्या पोराला कळत होतं. पण शांतवननं मान उंचावून मागं पाहिलं.

"मागून पंधरा!"

अंजनानं वळून पाहिलं. उन्हामुळं दारातल्या माणसांचे चेहरे दिसत नव्हते. असेल कुणी वाशीमचा, त्याला इथली रीत काय ठाऊक, असं तिनं मनाला समजावलं आणि अठरा म्हटलं.

"मागून वीस!"

बाया कुजबुजू लागल्या. तिनं पंचवीस म्हटलं, मागून अठ्ठावीस आले. तिनं तीस म्हटलं, मागून बत्तीस आले. शांतवन तिच्याकडं बघत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि शब्द नेहमीसारखे धावत होते.

"पस्तीस," ती म्हणाली.

त्यानं आता कुठं तिच्याकडं पाहिलं. हसलाही जरासा. "योगिनीच्या नावानं पस्तीस. एक वार. दोन वार."

मग तो थांबला. ऐकू कमी येणारा माणूस करतो तशी त्यानं मान तिरकी केली.

"छत्तीस," तो हळू आवाजात म्हणाला. "रामीबाईच्या नावानं."

म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. रामीबाई चाळीस वर्षं हे चर्च झाडत होती. दर रविवारी सगळ्यांच्या आधी यायची, दार उघडायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. देवाचं काम म्हणून तिची मजुरी कुठल्याच कमिटीनं कधी ठरवली नाही. लिलाव सुरू झाला की तिचे ओठ हलायचे. दुसऱ्यांच्या बोल्या ती तोंडातल्या तोंडात म्हणायची, आपली अशी कधी लावली नाही. लावणार कशातून? तिला जाऊन तीस वर्षं झाली. मागं ना मूल, ना भाऊ, ना भाचा. तिच्या नावानं बोली लावणारं या जगात कुणी नव्हतं.

अंजनाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागं कुणीच नाही. कधीच नव्हतं. दादा हवेतून बोल्या उचलतोय, आणि रुमालात किती आहेत ते त्याला ठाऊक आहे.

"एक वार," शांतवन म्हणाला, आणि थांबला. "अंजू?"

तिच्याजवळ अजून पाच हजार होते. एक शब्द बोलायचा होता. पण तिच्या अंगाची आग आग झाली होती. घे आता, ती मनाशी म्हणाली, तुझ्या तोंडातून निघालेली बोली तूच निस्तर.

"दोन वार. अंजू, अवं..."

तिनं रुमालाची गाठ घट्ट केली.

"तीन वार."

मान घ्यायला पुढं कुणी आलं नाही.

बाहेर कडुलिंबाखाली पंगत बसत होती. अंजनानं पुंजाजीला गाठलं. "मागं कोन होतं जी, बोली लावनारं?"

पुंजाजी घुटमळला. "मी दाराकडं तोंड करूनच बसलो होतो, सिस्टरबाई. कोनीच नाही बोललं. मास्तरच बोलून राह्यले होते."

संध्याकाळी शांतवन घरी आला. तिनं चहा ठेवला नाही, हे त्यानं पाहिलं आणि उंबऱ्यातच बसला.

"छपराले कमी पडून राह्यलं होतं, अंजू," तो म्हणाला. "लोकाइजोळ किती मागशीन? म्हटलं पस्तीसपर्यंत नेतो अन तुलेच देतो. माह्या खिशात गेले असते का?"

"खिशात घातले असते तं इतकं वाईट वाटलं नसतं," ती म्हणाली. "योगिनीचा मामा हायेस तू. तिच्या नावावर तू चढलास. तेही तिच्या मायच्या समोर."

तो अंगठ्यानं उंबरा खरवडत म्हणाला, "सगळ्या बोल्या माह्या होत्या. कबूल. पन ते छत्तीस माहे नोते."

"दादा."

"मी दोन वार म्हटलं होतं. तुलेच देनार होतो. मागून आवाज आला. बाईचा. नाव पन तिनंच सांगितलं, मी कायले रामीबाईचं नाव घेईन?"

"आता तरी खोटं नको बोलू," अंजना म्हणाली, आणि आत निघून गेली. भावानं फसवलं याचं दुःख एका जागी होतं, आणि आपणही रागापायी एक शब्द गिळला, पोरीचं दार हातचं घालवलं, हे दुसऱ्या जागी. रात्रभर दोन्हीकडून टोचत राहिलं.

आठवड्याभरात शांतवननं तोड काढली. मान घ्यायला कुणी आलं नाही, येणारही नाही. अंजनानं आपले पस्तीस द्यावेत आणि दार तिनंच उघडावं. कमिटीची हरकत नाही. "बोललेली बोली फिरवायची नाही ना?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "रामीबाईचं विचाराले कोन येते?" अंजनाला हे पटलं नव्हतं. पण तिला दार हवं होतं. तिनं रुमाल सोडला.

जानेवारीत काम लागलं. मिस्त्री सेवालाल, मंगरूळपीरकडच्या तांड्यावरचा, बोलायला कमी आणि हाताला पक्का. "जुन्या दगडाले सिमेट धरत नाही," म्हणून त्यानं मागच्या अंगणात चुना भिजवायला हौद खणला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं अंजनाला विचारलं, "झाडाले कोन येते, बाई? आमच्या आधीच सगळं साफ असते. चुनाबी चाळून ठेवलेला."

"आमचंच कोनी असन," ती म्हणाली. बावीस घरांत हौशी माणसं कमी नव्हती.

फेब्रुवारी गेला. रोज सकाळी आदल्या दिवसाचा राडा एका कोपऱ्यात नीट गोळा केलेला असायचा. फुटकी कवेलू वेगळी, धड वेगळी, आणि तीही मापाप्रमाणे लावलेली. जमिनीवर चुन्याच्या भुकटीत झाडूच्या कमानी उमटलेल्या, सगळ्या एका हाताच्या. अंजनानं बावीसही घरी विचारलं. जो तो म्हणाला, मी नाही.

मार्चमधल्या एका दुपारी ती एकटीच आत गेली. मजूर कडुलिंबाखाली भाकर खात होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. नवं छप्पर झालं होतं, आत गारवा होता आणि ओल्या चुन्याचा वास. ती वेदीपाशी उभी राहून भिंत बघत होती, तेव्हा मागं झाडू सुरू झाला.

संथ आवाज. एक लांब फटकारा, मग थांबणं, मग दुसरा. कंबर धरून झाडणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा असतो तसा.

अंजना काही घाबरट बाई नव्हती. तेहतीस वर्षांत तिनं प्रेतंही धुतली होती. ती वळली. आवाज थांबला. कुणी नव्हतं. सगळ्या बाकांवर चुन्याची पांढरी साय बसली होती. शेवटच्या बाकावर मात्र, दाराकडच्या टोकाला, एका माणसापुरती जागा स्वच्छ होती. लाकूड चमकत होतं.

तिनं हात लावून पाहिला. जागा कोमट होती.

ती शांतवनकडं गेली नाही. ज्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला, त्याला काय विचारायचं? आणि त्याचं ते एक वाक्य खरं असलं तर, हा विचार तिनं पुरता कधी होऊच दिला नाही.

एप्रिलमध्ये काम संपलं. सेवालालनं शेवटचा हिशोब करायला तिला बोलावलं आणि ठरल्यापेक्षा कमी मागितले.

"माह्या दोन बाया लागल्या असत्या तीन महिने, चाळाले अन झाडाले," तो म्हणाला. "ते काम तुमच्या मानसानं केलं. त्याचे मी कायले घेऊ? छत्तीस हजार वाचले तुमचे."

"किती?"

"छत्तीस, बाई. दोनदा मांडून पायलं."

अंजना तिथंच वाळूच्या ढिगावर बसली. बोली रामीबाईची होती, आणि रामीबाईनं ती फेडली होती. जे आयुष्यभर फुकट केलं, ते या वेळी तिनं मोजून दिलं. मग आपले पस्तीस कशाचे होते?

ईस्टरच्या सकाळी सगळं गाव जमलं. वाशीमहून पाळकसाहेब आले. भिंती उजळल्या होत्या, ओट्यावर आणि आत नवी काळी कडप्पा फरशी होती, सेवालालनं पहाटे पुसून आरशासारखी केलेली. शांतवननं घसा साफ करून सांगितलं, की दार उघडण्याचा मान अंजनाबाईंना, त्यांच्या दिवंगत लेकीच्या नावानं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं तिच्या हातात किल्ली दिली. त्याची बोटं थंड होती.

कुलूप निघालं. अंजनानं दोन्ही तळहात सागवानावर ठेवले आणि मनातल्या मनात म्हटलं, चल योगिनी.

दार दोन बोटं आत गेलं. आणि परत आलं.

तिनं पुन्हा ढकललं. पुन्हा दोन बोटं आत, पुन्हा परत. अडलेलं लाकूड असं करत नाही. पलीकडून कुणीतरी हात लावून उभं होतं.

"जोर लाव, अंजू," शांतवन कानाशी पुटपुटला. त्याचा आवाज चिरकला होता.

फटीतून ओल्या चुन्याचा वास आला. आणि श्वास. म्हातारा, दमलेला.

तिनं हात काढून घेतले.

"हा मान माहा नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बोली पस्तीसच्या वर गेली होती. रामीबाईनं छत्तीस म्हटलं होतं. अन तिनं फेडले. दादानं मले फसवलं, अन मी रामीबाईले फसवाले निघाली होती."

पुंजाजीनं टोपी काढली. शांतवन ओट्याच्या खांबाला धरून उभा होता.

अंजना एक पाऊल मागं सरली. "उघडा, रामीबाई. तुमचंच हाय."

दार उघडलं. दोन्ही फळ्या, सावकाश, भिंतीला टेकेपर्यंत. बिजागरी वाजली नाही.

आत कुणी नव्हतं. नव्या कवेलूंमधल्या काचेतून ऊन पडलं होतं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मागं कुणीतरी वारा म्हणालं आणि गीत सुरू केलं.

अंजनाची नजर खाली गेली.

काळ्या फरशीवर पांढरी पावलं होती. चुन्याची, ओली. मघाशी नव्हती. ओट्याच्या पायरीपासून निघून, उंबरा ओलांडून, आतल्या शेवटच्या बाकापर्यंत गेलेली.

दोन माणसांची.

एक पाऊल रुंद, टाचेला भेगा, बोटं फाकलेली. त्याच्या अगदी जवळून, कुणी हात धरून न्यावं तसं, दुसरं. अरुंद, तरुण. त्याच्या डाव्या पायाची करंगळी फरशीला टेकली नव्हती.

योगिनी चार वर्षांची असताना पाटा पडून ती करंगळी मोडली होती. अंजनानंच बसवली होती. वाकडी बसली होती.

तिनं मागं, ओट्यावर पाहिलं. पावलं तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली होती. ती वाकली आणि प्रत्येक ठसा नीट पाहिला. कुठंतरी टाच वळलेली असेल, कुठंतरी पाऊल जड उमटलेलं असेल, निदान आई उभी होती त्या जागी.

ठसे सगळे सारखे होते. पोरगी कुठंच थांबली नव्हती.